टक्... टक्... टक्...! (तात्याची हार्ड डिस्क आणि माझं शहाणपण)

हॉस्टेलवर रात्री बारानंतरचे आवाज ठरलेले असतात. कॉरिडॉरच्या टोकाचा गळका नळ, कुणाच्या तरी मोबाइलवरची मॅच आणि सबमिशनच्या आठवड्यात जर्नल उतरवताना होणारी पानांची सळसळ. २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्या रूमवर यात एका नव्या आवाजाची भर पडली. टक्... टक्... टक्... मग जरा शांतता, आणि पुन्हा टक्.

आवाज माझ्या रूम पार्टनरच्या पोर्टेबल हार्ड डिस्कमधून येत होता. हॉस्टेलवर सगळे त्याला तात्याच म्हणतात, तेव्हा इथेही तात्याच म्हणतो. डिस्क ५०० जीबीची, त्याच्या मोठ्या भावाने घेतलेली, दहा वर्षांची. आदल्या संध्याकाळी पिक्चर कॉपी होत असताना ती कॉटवरून खाली पडली होती. म्हणजे पडली ती चालू असताना पडली, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. उचलून पुन्हा लावली तर चालू झाली, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागायला लागली आणि रात्री हा आवाज सुरू झाला.

त्या डिस्कवर काय होतं? पिक्चर होते, ते गेले तरी चालणार होते. प्रोजेक्टचा रिपोर्ट होता, पण आठवड्यापूर्वीची त्याची एक प्रत गाइड मॅडमना मेल केलेली होती. आणि 'गाव' नावाचा एक फोल्डर होता. त्यात तात्याच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. २०११ साली भावाने साध्या बटणांच्या मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या ११ फाइली. आजी २०१६ साली गेली. तो मोबाइल त्याच्याही आधी भंगारात गेला होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता माझं शहाणपण ऐका. ब्लॉकमध्ये कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की मला बोलावतात, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. मी तात्याला म्हटलं, "टेन्शन घेऊ नकोस भावा, चेकडिस्क लावतो, सकाळपर्यंत दुरुस्त." विंडोजमधला चेकडिस्क प्रोग्राम दुरुस्तीच्या पर्यायासकट लावला आणि झोपलो. सकाळी उठून पाहिलं तर 'गाव' फोल्डर गायब. त्याच्या जागी 'फाउंड डॉट झिरो झिरो झिरो' नावाचा एक लपलेला फोल्डर आणि त्यात नाव-गाव नसलेल्या 'सीएचके' फाइलींची रांग.

तोंड पाडून लॅबमधल्या काकांकडे गेलो. काकांनी पहिलं वाक्य म्हटलं, "डिस्क अजून लावलेली आहे का?" मी हो म्हटलं. "मग आधी जाऊन वायर काढ. बाकीचं नंतर बोल."

पुढचे पाच दिवस आम्ही जे शिकलो ते या लेखात सांगतो आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. डिस्क बिघडते तेव्हा जेवढा डेटा जातो, त्याहून कितीतरी जास्त डेटा त्यानंतर आपण जे उपाय करतो त्यात जातो.

आत नक्की काय होतं?

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. पोर्टेबल डिस्कमधली तबकडी साधारण साडेसहा सेंटिमीटर व्यासाची असते आणि सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते. गणित करून बघा, तिची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पळत असते. म्हणजे आपली एसटी रिकाम्या रस्त्यावर पळते तशी. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही. फिरणाऱ्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या गादीवर ते काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगतं. माणसाचा केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो. धुळीचा कणसुद्धा या हेडसमोर डोंगर आहे. म्हणून "खोलून बघू या का?" या प्रश्नाचं उत्तर कायम "नाही" असंच असतं, मग खोलीला कितीही झाडू मारलेला असो.

डिस्क बंद असते तेव्हा हेड तबकडीच्या बाहेर एका उतरणीवर नेऊन ठेवलेलं असतं. त्यामुळे बंद डिस्क बॅगेत थोडी आपटली तरी बहुतेक वेळा निभावतं. चालू डिस्क पडली तर हेड तबकडीवर आदळतं, चरा पडतो, चऱ्यातून सुटलेले कण आतच फिरत राहतात आणि हेडही दुखावतं. तबकडीवर माहितीच्या मधेमधे हेडला आपण कुठे आहोत ते सांगणाऱ्या खुणा कोरलेल्या असतात, रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांसारख्या. दुखावलेल्या हेडला त्या खुणा दिसत नाहीत. मग ते मागे फिरून पुन्हा प्रयत्न करतं. टक् टक् येतो तो या येरझाऱ्यांचा.

माहिती साठवण्याचं सगळ्यात लहान एकक म्हणजे सेक्टर. जुन्या डिस्कमध्ये तो ५१२ बाइटचा असायचा, साधारण २०१० नंतरच्या डिस्कमध्ये ४०९६ बाइटचा असतो. प्रत्येक सेक्टरबरोबर चुका दुरुस्त करणारा कोड असतो. थोड्या बिट चुकल्या तर डिस्क स्वतःच सुधारून घेते. कोडच्या कुवतीबाहेर चुका गेल्या तर डिस्क "वाचता आलं नाही" एवढंच सांगते. अर्धा सेक्टर मिळाला असं होत नाही, सगळा किंवा काहीच नाही. तात्याच्या ५०० जीबीत असे १२ कोटी २० लाख सेक्टर होते, आणि त्यातले ९९ टक्क्यांच्या वर अजून धडधाकट होते. प्रश्न एवढाच होता, की हेड पूर्ण मरायच्या आत ते कसे बाहेर काढायचे.

यात एक मेख आहे. एखादा सेक्टर वाचला गेला नाही की डिस्क त्याची 'पेंडिंग' अशी नोंद करते, पण लगेच तो बदलत नाही. त्याच्या जागी राखीव साठ्यातला चांगला सेक्टर द्यायचा का, हे त्या जागेवर पुढच्या वेळी काही लिहिलं जातं तेव्हा ठरतं. म्हणजे अशा डिस्कला पूर्ण फॉरमॅट मारला, सगळीकडे शून्यं लिहिली, की पेंडिंगचा आकडा झटकन खाली येतो. मित्र म्हणतो, "बघ, डिस्क सुधारली!" डिस्क सुधारली असेल, पण त्या सेक्टरमध्ये जे होतं ते वाचण्याची शेवटची संधी त्याने स्वतःच्या हाताने पुसली.

चेकडिस्कचंही तसंच. तो प्रोग्राम वाईट नाही. लाइट गेल्यामुळे फाइल सिस्टिममध्ये गोंधळ झाला असेल आणि डिस्क धडधाकट असेल तर तो चांगलं काम करतो. पण त्याचं काम फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवणं हे आहे, तुमची फाइल वाचवणं हे नाही. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर एक मोठं रजिस्टर असतं. त्यात प्रत्येक फाइलची एक किलोबाइटची नोंद असते, नाव काय आणि माहिती कुठल्या कुठल्या जागी ठेवली आहे. एक ४०९६ बाइटचा सेक्टर गेला की अशा चार नोंदी जातात. फोल्डरची यादी ज्या सेक्टरमध्ये होती तो गेला, की आतल्या फाइली निराधार होतात. चेकडिस्क हिशेब जुळेना म्हणून जुन्या नोंदी काढून टाकतो, निराधार फाइलींना 'सीएचके' अशी नावं देऊन एका फोल्डरमध्ये कोंबतो, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहितो. शिवाय दुरुस्तीच्या पर्यायात खराब जागा शोधायला रात्रभर अख्खी डिस्क वाचत बसतो. आजारी माणसाला मॅरेथॉन पळवून त्याची तब्येत तपासावी, तसा प्रकार.

आधी प्रत, मग शोधाशोध

काकांनी सांगितलेली पद्धत अशी. आजारी डिस्कवर एकही फाइल शोधायची नाही. आधी तिच्यातल्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जे जे वाचता येईल ते जसंच्या तसं दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. याला इमेज म्हणतात. मग आजारी डिस्क कपाटात, आणि पुढचे सगळे उद्योग त्या इमेजवर. इमेजवर चूक झाली तर पुन्हा प्रत काढता येते.

त्यासाठी ५०० जीबीपेक्षा मोठी, रिकामी डिस्क हवी. सगळ्यात अवघड काम हेच निघालं. समोरच्या ब्लॉकमधल्या एकाकडे १ टीबीची डिस्क होती, पण ती सिरियल्सनी भरलेली. ती त्याने चार जणांच्या लॅपटॉपवर वाटून ठेवली तेव्हा आम्हाला जागा मिळाली. या उपकाराची परतफेड आम्ही अजून मेसबाहेरच्या चहात करतो आहोत.

विंडोज चालू करायचंच नाही, कारण डिस्क जोडली रे जोडली की ते तिच्यावर काही ना काही लिहायला आणि इंडेक्स करायला घेतं. आम्ही लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, डिस्क आपोआप माउंट होण्याची सोय बंद केली आणि 'जीएनयू डीडीरेस्क्यू' वापरला. हा प्रोग्राम आंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला आहे, २००४ पासून आहे आणि फुकट आहे. साधी कॉपी करणारे प्रोग्राम पहिल्या खराब सेक्टरवर अडून बसतात. डिस्क तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, एकेका सेक्टरला पाच-दहा सेकंद जातात. दहा हजार खराब सेक्टर आणि प्रत्येकी पाच सेकंद धरले तर चौदा तास नुसते खराब जागेवर डोकं आपटण्यात. आणि तेवढ्यात हेड मेलं तर पुढचं चांगलंही गेलं.

डीडीरेस्क्यू हुशार विद्यार्थ्यासारखा पेपर सोडवतो. येणारे प्रश्न आधी. जिथे वाचन अडतं तिथून लांब उडी मारून पुढे जातो, पुन्हा अडलं तर आणखी लांब उडी. असं करत सोपा भाग आधी पदरात पाडून घेतो. मग उलट्या दिशेने येऊन सोडलेल्या पट्ट्यांच्या दुसऱ्या कडेपासून वाचतो. मग पट्ट्यांच्या कडा कुरतडतो, आणि सगळ्यात शेवटी आतले सेक्टर एकेक करून खरवडतो. कुठला भाग झाला, कुठला राहिला, कुठला खराब याची नोंद तो एका छोट्या मॅप फाइलमध्ये ठेवत जातो. ती फाइल फार महत्त्वाची. काम मध्येच थांबलं तरी मॅप फाइल दिली की जिथे सोडलं तिथून पुढे. आमच्याकडे चार दिवसांत दोनदा लाइट गेली आणि एकदा कुणीतरी इस्त्रीसाठी एक्स्टेन्शन बोर्डच काढला. मॅप फाइल इमेजच्या शेजारीच, चांगल्या डिस्कवर ठेवायची. लाइव्ह पेनड्राइव्हच्या डेस्कटॉपवर ठेवली तर मशीन बंद पडताच ती उडते.

इथे एक भयानक चूक होऊ शकते. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं मिळतात आणि ती जोडण्याच्या क्रमाने बदलतात. कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं याची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होते. मग काकाच काय, कोणीच वाचवू शकत नाही. आम्ही डिस्कवर छापलेला सिरियल नंबर आणि स्क्रीनवरचा सिरियल नंबर मोठ्याने वाचून जुळवला. तात्या वाचत होता, मी बोट ठेवत होतो. एंटर त्यानेच दाबलं, माझ्यावर तेव्हा कुणाचा फारसा विश्वास नव्हता.

पहिल्या फेरीत, म्हणजे खरवडण्याचं काम बंद ठेवून, सात तासांत जवळजवळ सगळी डिस्क उतरली. त्यानंतरचे तीन दिवस उरलेल्या चिंध्यांसाठी गेले. डिस्क टेबलावर सपाट, हलवायची नाही, बाजूला टेबल फॅन. टकटक वाढली की थांबवून तासभर गार होऊ द्यायची. शेवटी न वाचलेला भाग उरला ३८ एमबी. तेरा हजारांत एक भाग! आम्ही नाचायचंच बाकी होतं. पण काका म्हणाले, "किती गेलं ते सोड, कुठलं गेलं ते बघ."

नाव नसलेली फाइल ओळखायची कशी?

आता सगळं काम इमेजवर. 'फाउंड' फोल्डरमधल्या 'सीएचके' फाइलींना नाव नव्हतं, एक्स्टेन्शन नव्हतं. पण फाइल काय आहे हे तिच्या पहिल्या काही बाइटवरून कळतं. पीडीएफ फाइलची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि पुढे पीडीएफ या अक्षरांनी होते. जेपीईजी फोटो हेक्समध्ये 'एफएफ डी८ एफएफ' ने सुरू होतो. झिप फाइलची सुरुवात 'पीके' या अक्षरांनी होते, ती ही पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. आपली वर्डची डॉक्स फाइल हीसुद्धा आतून झिपच, म्हणून तीही 'पीके' नेच सुरू होते. (विश्वास बसत नसेल तर एखाद्या डॉक्स फाइलची प्रत घेऊन तिचं एक्स्टेन्शन झिप करून उघडा.) जुन्या मोबाइलचं रेकॉर्डिंग एएमआर प्रकारचं असतं आणि त्याच्या सुरुवातीला चक्क 'एएमआर' ही अक्षरं असतात.

हीच युक्ती अख्ख्या डिस्कवर वापरणारा प्रोग्राम म्हणजे 'फोटोरेक'. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेला, हाही फुकट. तो फाइल सिस्टिमच्या रजिस्टरकडे बघतच नाही. थेट सेक्टर वाचत जातो आणि ओळखीची सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलतो. त्यामुळे रजिस्टर फाटलं असलं तरी चालतं. मात्र नाव आणि फोल्डर परत मिळत नाहीत, आणि फाइल सलग जागेत असावी लागते. ओव्यांच्या फाइली तीन-चार एमबीच्या, नव्या डिस्कवर एकदाच कॉपी करून ठेवलेल्या, त्यामुळे सलग होत्या. रोज रात्री दहादा सेव्ह केलेला रिपोर्ट डिस्कभर विखुरलेला होता. त्याचा शेवटचा आठवडा काही मिळाला नाही. तात्याने तो दोन रात्रीत पुन्हा लिहिला, आणि आधीपेक्षा बरा लिहिला असं मॅडमचं मत पडलं.

११ पैकी ७ ओव्यांच्या फाइली 'फाउंड' फोल्डरमध्ये मिळाल्या, ३ फोटोरेकने काढून दिल्या. दहांपैकी आठ अखंड होत्या. दोन फाइलींत खराब सेक्टर होते, एकीत एक आणि दुसरीत तीन. त्या मध्येच खरखर करून बंद पडत.

इथे मला प्रथमच इंजिनीअरिंगला आल्याचा आनंद झाला. एएमआरमध्ये आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत साठवतात. आमच्या फाइलींत प्रत्येक तुकडा ३२ बाइटचा होता. म्हणजे ४०९६ बाइटच्या एका सेक्टरमध्ये बरोबर १२८ तुकडे, म्हणजे २.५६ सेकंद. एक सेक्टर गेला तर अडीच सेकंदांचा आवाज गेला, एवढंच. मग पुढचं का वाजत नव्हतं? डीडीरेस्क्यूने खराब सेक्टरच्या जागी शून्यं सोडली होती. प्लेअरला तुकड्याच्या पहिल्या बाइटवरून पुढचा तुकडा किती लांबीचा आहे ते कळतं. शून्य बाइटचा अर्थ तो "१३ बाइटचा तुकडा" असा लावतो. १३-१३ च्या उड्या मारत शून्यांच्या पट्टीतून तो भलत्याच ठिकाणी बाहेर पडतो आणि पुढची सगळी पावलं चुकतात. ४०९६ ला ३२ ने नि:शेष भाग जातो, तेव्हा शून्यांची पट्टी बरोबर ४०९६ बाइटची कापून टाकली की दोन्ही टोकं बेमालूम जुळतात. पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम. चालवला, हेडफोन लावला, आणि आजी एका ओळीच्या मध्यावरून उडी मारून पुढच्या ओळीवर गेली व म्हणत राहिली.

तोच एक सेक्टर डॉक्स फाइलच्या मजकुरात गेला असता तर? तिथे मजकूर दाबून भरलेला असतो, पुढचं उलगडायला मागचं लागतं. त्या जागेपासून पुढचा मजकूर बहुधा गेलाच. म्हणून किती टक्के डेटा मिळाला या आकड्याला तसा अर्थ नाही.

अकरावी फाइल मिळालीच नाही. ती ३८ एमबीच्या चऱ्यात गेली, की चेकडिस्कने रात्रभर जे लिहिलं त्याच्या खाली गेली, हे आता सांगता येत नाही. ती डिस्कने खाल्ली की मी, हा प्रश्न तात्याने कधी विचारला नाही. मी मात्र तो स्वतःला अजून विचारतो.

जळालेली डिस्क वाचते, पुसलेली नाही

काकांनी तेव्हा एक खरी गोष्ट सांगितली. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना कोसळलं. कल्पना चावला त्यात होत्या, त्यामुळे आपल्याकडे ती तारीख पुष्कळांच्या लक्षात आहे. त्या यानात झेनॉन वायूच्या स्निग्धतेवरचा एक प्रयोग होता आणि त्याची नोंद एका हार्ड डिस्कवर होत होती. अवशेषांत ती डिस्क सापडली तेव्हा जळून, वितळून काळी झालेली होती. डेटा परत मिळवणाऱ्या कंपनीने आतल्या तबकड्या काढल्या, स्वच्छ केल्या, दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि जवळपास सगळा डेटा वाचला. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात छापून आले. म्हणजे आकाशातून पडून, जळूनही त्या चुंबकीय खुणा शाबूत होत्या. त्या डिस्कवर नंतर कोणी चेकडिस्क चालवला नव्हता!

अर्थात हे काम धूळमुक्त खोलीत, त्याच मॉडेलचे सुटे भाग हाताशी ठेवून करतात. तुमची डिस्क फिरतच नसेल, किंवा जोडल्यावर नुसती टकटक करून कॉम्प्युटरला दिसतच नसेल, तर घरचे उपाय संपले असं समजा आणि डेटा खरंच मोलाचा असेल तर अशा लोकांकडे जा. खर्च हजारांत जातो. काही मिळालं नाही तर पैसे किती, हे आधी लिहून घ्या. सर्किटची पाटी बदलून बघायचा उपाय जुन्या डिस्कवर चालायचा. आता पाटीवरच्या चिपमध्ये त्या त्या डिस्कचं स्वतःचं मोजमाप असतं, नुसती पाटी बदलून भागत नाही. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट पाटीवरच असतो आणि काहींत डेटा तिथेच सांकेतिक रूपात बदलला जातो, त्यामुळे डबा फोडूनही हाती काही लागत नाही.

आणि आमच्या ब्लॉकवरचा लाडका उपाय, "मेसच्या फ्रीजरमध्ये ठेव." गार डिस्क बाहेर काढली की हवेतली वाफ तिच्यावर जमते, आणि पाण्याच्या थेंबावर ते नॅनोमीटरवालं हेड चालवायचं! एकाने तर तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. तो मेकॅनिकलचा होता, एवढंच लिहितो.

सूचना मिळते का? कधी कधी. डिस्क स्वतःची 'स्मार्ट' नावाची नोंदवही ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे फुकट प्रोग्राम ती दाखवतात. त्यातल्या ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी बघा, म्हणजे बदललेले, पेंडिंग आणि न वाचता येणारे सेक्टर. (तो प्रोग्राम आकडे हेक्समध्ये दाखवतो, १० दिसले तर ते १६ आहेत.) गूगलने २००७ साली आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. पण त्याच अभ्यासात मेलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कनी महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. तेव्हा आकडा दिसला तर घाबरा, नाही दिसला तर निर्धास्त होऊ नका.

ज्युनिअर्स म्हणतील, आमच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, आम्हाला काय त्याचं! एसएसडीचा कारभार आणखी कडक आहे. हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की फक्त रजिस्टरमधली नोंद रद्द होते, मजकूर वर काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. एसएसडीला मात्र ऑपरेटिंग सिस्टिम 'ट्रिम' या आज्ञेने कळवते की ही जागा आता नको, आणि ती जागा थोड्याच वेळात खरंच रिकामी होते. मग फोटोरेकला शून्यांखेरीज काही सापडत नाही. एसएसडी टकटकही करत नाही, एका सकाळी नुसती दिसेनाशी होते. शिवाय नव्या विंडोज लॅपटॉपवर बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. मदरबोर्ड गेला तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का, हे आज जेवणाआधी बघून घ्या.

दहा ओव्या आता तात्याच्या आईच्या मोबाइलवर, भावाकडे, एका ऑनलाइन ड्राइव्हवर आणि माझ्या लॅपटॉपवर आहेत. सगळ्या मिळून जेमतेम ३५ एमबी, एका गाण्याच्या व्हिडिओपेक्षा कमी. दिवाळीत मिळाली नाही ती सुट्टी तात्याने सबमिशननंतर घेतली आणि फाइली घरी नेल्या. अडीच सेकंदांच्या उडीपाशी त्याची आई थांबली आणि मधला शब्द तिने सहज म्हणून दाखवला. तिला सगळ्या ओव्या पाठ आहेत. अकरावीसुद्धा. तात्याने ती या वेळी आईच्या आवाजात रेकॉर्ड करून आणली आहे.

जुनी डिस्क आमच्या कपाटात आहे. तिचा आवाज ऐकायला पुष्कळ जण येऊन गेले, पण ती पुन्हा लावायची नाही असं ठरलं आहे. लाइव्ह पेनड्राइव्ह मात्र कायम तयार असतो. कुणाची डिस्क टकटक करायला लागली तर आधी वायर काढा आणि रात्री कितीही वाजता या, दार वाजवा. रिकामी डिस्क तेवढी स्वतःची आणा.